माळ्यावरचे उंदीर: विषाच्या वड्या आणायच्या आधी हे वाचा

माळ्यावर रात्री पळापळ ऐकू यायला लागली की आपल्याकडे बहुतेक घरांत एकच होतं, कोणीतरी दुसऱ्या दिवशी दुकानातून विषाच्या वड्या आणतं, चार कोपऱ्यांत टाकतं आणि मोकळं होतं. ही पोस्ट मी मुद्दाम त्यांच्यासाठी लिहितेय. वड्या आणू नका. निदान माळ्यावर तरी अजिबात टाकू नका. उंदीर घरात येतो कारण घराला वाट असते, आणि ती वाट उघडी आहे तोवर तुम्ही कितीही मारा, पुढचा त्याच वाटेने येतो. आधी आतले पकडायचे, मग वाटा बुजवायच्या, मग साफसफाई. हा क्रम पाळला तर काम होतं, आणि एक चांगला गवंडी आणि घरातली माणसं मिळून ते करू शकतात. आमच्याकडे झालंय, माळा शांत आहे, म्हणून एवढं ठामपणे सांगतेय.

आमचं घर पुण्यात नारायण पेठेत आहे. जुनं, दगडी जोतं, सागवानी तुळया, वर मंगलोरी कौलं आणि कौलांखाली फळ्या टाकून केलेला माळा. पेठेतल्या माळ्यावर काय काय असतं ते सांगायला नको, गणपतीचं मखर, गौरीचे स्टँड, पाळणा, घंगाळं, सासऱ्यांच्या कॉलेजच्या वह्या, आकाशकंदिलांचे सांगाडे, आणि लागेल कधीतरी म्हणून ठेवलेली खोकी. वर्षानुवर्षं तिथे फारतर पाली असायच्या. मग शेजारचा वाडा रिडेव्हलपमेंटला गेला, जेसीबी आला, भिंती पडायला लागल्या आणि आमच्या डोक्यावर धावपळ सुरू झाली. सध्या सगळ्या पेठांमध्ये हेच चाललंय. जुना वाडा पडतो तेव्हा त्याच्या आढ्यात आणि भिंतींच्या पोकळीत राहणारे उंदीर काही ढिगाऱ्याखाली मरत नाहीत, ते रात्रीतून वायरींवरून, पन्हाळीवरून, झाडांवरून शेजारच्या छपरात जातात. त्यामुळे शेजारी पाडकाम सुरू होणार असेल तर तुमच्याकडे अजून एकही उंदीर नसला तरी पुढचं वाचून ठेवा.

पहिली गोष्ट म्हणजे वर नक्की कोण आहे ते ओळखा, कारण सगळ्यांवर एकच उपाय नाही. दिवसा खुडबुड होत असेल तर बहुधा खार आहे. रात्री पण धपधप असा जड आवाज, जणू कोणी माणूसच चालतंय असा, तर उदमांजर असू शकतं, पुण्याच्या जुन्या भागात ती अजूनही छपरांवरून फिरतात, आणि त्यांना हात लावायचा नाही, वन्यजीव कायद्याने संरक्षित आहेत, वनविभागाला किंवा प्राणी रेस्क्यू करणाऱ्यांना कळवायचं. शिवाय ती उंदीर खातात. जमिनीवर भिंतीच्या कडेकडेने चिकचिक करत जाते ती चिचुंद्री, तिचा तो उग्र वास येतोच, आणि ती उंदीर नाहीच मुळी, झुरळं-किडे खाऊन राहते, तिला मारायचं काही कारण नाही. अंगणात, गटाराजवळ मातीचे ढीग काढून बिळं करते ती घूस. ती माळ्यावर सहसा येत नाही.

माळ्यावर राहतो तो सडपातळ उंदीर, ज्याला पुस्तकात काळा उंदीर म्हणतात, शास्त्रीय नाव रॅटस रॅटस, पण आपल्याकडे तो बहुतेक तपकिरीच असतो, पोट जरा फिकट. कान मोठे, तोंड टोकदार, आणि शेपूट अंगापेक्षा लांब, मेलेल्या उंदराची शेपटी पुढे वळवली तर नाकाच्या पुढे जाते. हा चढण्यात पटाईत आहे, सरळ पाइपवर, खडबडीत भिंतीवर, केबलवर सहज चालतो. गटारातला मोठा उंदीर वेगळा, तो जाडजूड, आखूड शेपटीचा आणि जमिनीलगत राहणारा. लेंड्यांवरूनही कळतं. माळ्यावरच्या उंदराच्या साधारण १२ मिलिमीटरच्या, दोन्ही टोकांना निमुळत्या असतात, छोट्या पिटुकल्या घरउंदराच्या तांदळाच्या दाण्याएवढ्या. एक उंदीर दिवसाला चाळीसच्या आसपास लेंड्या टाकतो त्यामुळे माळाभर पसरलेल्या बघून शंभर उंदीर आहेत असं घाबरून जाऊ नका. पण ढिलाईही नको, कारण मादीचा गाभणकाळ जेमतेम तीन आठवड्यांचा, एका वेताला पाच ते आठ पिल्लं, आणि ती पिल्लं तीन-चार महिन्यांत स्वतः वेतायला तयार.

आता विषाबद्दल, कारण माझा खरा राग तिथे आहे. आमच्याकडे सुरुवातीला एक पेस्ट कंट्रोलवाले आले होते, नाव घेत नाही. त्यांच्या माणसाने शिडीवरून डोकं वर काढलं, टॉर्च फिरवला, निळसर वड्या आणि गोंदाच्या पाट्या सरकवल्या आणि मला म्हणाला, "मॅडम, हे खाल्लं की त्यांना तहान लागते, पाणी शोधत बाहेर जाऊन मरतात, घरात वास येणार नाही." एक तर भोक कुठे आहे हे त्याने पाहिलंच नाही. आणि ही बाहेर जाऊन मरण्याची गोष्ट साफ खोटी आहे. वड्यांमध्ये बहुतेक वेळा ब्रोमॅडिओलोन असतं, ०.००५ टक्के. ते शरीरातलं के व्हिटॅमिनचं काम बंद पाडतं, रक्त गोठेनासं होतं, आणि उंदीर चार-पाच दिवसांनी आतल्या आत रक्तस्राव होऊन मरतो. आजारी प्राणी आपल्या घरट्यात जाऊन पडतो, लांब पाणी शोधत फिरत नाही. आमच्याकडे तो मेला तुळई जिथे भिंतीत घुसते त्या खोबणीत, जिथे हातही जात नाही. ऐन मे महिन्यात. तो वास, आणि मग खालच्या खोलीत ट्यूबलाइटभोवती जमलेल्या निळ्या-हिरव्या माश्या, सासूबाई देवघरात बसू शकत नव्हत्या. त्या माणसाला परत बोलावलं तर तो परफ्यूमचा स्प्रे मारून गेला.

दुकानात याहून वाईट गोष्टी मिळतात. झिंक फॉस्फाइडची काळी पूड पोटातल्या आम्लात जाऊन फॉस्फीन नावाचा विषारी वायू तयार करते. पिवळ्या फॉस्फरसची ट्यूबमधली पेस्ट तर दिसते टूथपेस्टसारखी, आणि तिच्यावर उतारा नाही, थेट लिव्हर जातं. मुलांनी चुकून टूथपेस्ट समजून वापरल्याचे प्रकार आपल्या देशात झालेत. ज्या घरात रांगतं मूल आहे किंवा डोळ्यांना कमी दिसणारं म्हातारं माणूस आहे तिथे ही ट्यूब कपाटातसुद्धा नको, हे मी हात जोडून सांगतेय. ब्रोमॅडिओलोनला के-१ व्हिटॅमिनचा उतारा आहे, पण तो डॉक्टरांनी वेळेत द्यावा लागतो आणि पाकीट बरोबर नेलं तरच त्यांना कळतं काय खाल्लंय. त्यामुळे कोणाच्या घरात आधीच हे विष असेल तर त्याचं पाकीट फेकू नका.

आणि मग विष खाऊन झिंगलेला उंदीर कोण खातं? गल्लीतलं मांजर आणि गव्हाणी घुबड. पेठांमध्ये जुन्या देवळांच्या शिखरात, पडक्या वाड्यांच्या पोटमाळ्यात ही पांढऱ्या तोंडाची घुबडं राहतात, पिल्लं असली की रात्रभर उंदीर नेत असतात. आपण विष घालून आपल्या बाजूने उंदीर मारणारे कामगारच मारतो. मला हे फार लागतं. लोक घुबड अशुभ म्हणून हाकलतात आणि मग उंदीर झाले म्हणून विष आणतात.

विषाच्या विरोधात अजून एक जुनं कारण आहे, आणि पुण्याला ते माहीत असायला हवं. सासूबाई त्यांच्या आजीकडून ऐकलेलं सांगतात, प्लेगच्या दिवसांत घरात उंदीर पडायला लागले की माणसं भांडीकुंडी घेऊन गावाबाहेर मोकळ्यावर झोपड्या बांधून राहायला जायची. १८९७ ला पुण्यात प्लेगने कहर केला, सावित्रीबाई फुले त्याच साथीत रुग्णांची सेवा करताना गेल्या, १० मार्च १८९७ ला. तेव्हा डॉक्टरांनाही उंदीर आणि प्लेग यांचा धागा नीट कळला नव्हता, तो पुढच्या वर्षी, १८९८ मध्ये, पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने कराचीत शोधला, की उंदीर मेला की त्याच्या अंगावरच्या पिसवा गार पडणारं अंग सोडतात आणि जवळच्या माणसाकडे येतात. आणि तो उंदीर हाच, घराच्या छपरात माणसाच्या इतक्या जवळ राहणारा. आज प्लेगवर औषधं आहेत, कोणी घाबरायचं कारण नाही, पण पिसवांचा स्वभाव तोच आहे. हाताला न लागणाऱ्या जागी उंदीर मरून पडू देणं हे तेव्हाही वाईट होतं आणि आत्ताही आहे.

गोंदाच्या पाटीबद्दल एवढंच की ती मी त्याच दिवशी काढून टाकली. उंदीर त्यावर तासन् तास, कधी दिवसभर जिवंत अडकून असतो, ओरडत, स्वतःची कातडी सोलून घेत. पाली, चिमण्या, खारीची पिल्लं पण चिकटतात. प्राणी कल्याण मंडळाचा या पाट्यांना विरोध आहे तो उगीच नाही. मारायचंच असेल तर एका फटक्यात मारावं.

तर आता कामाचं. सगळ्यात आधी आम्ही माळ्यावर नुसती रांगोळी टाकली. म्हणजे खरंच, पांढरी रांगोळी, चाळणीने पातळ थर, फळ्यांवर, तुळईवर, खोक्यांमधल्या गल्लीत. सकाळी जाऊन पाहिलं तर अख्खा नकाशा समोर. पुढच्या पायाची चार बोटं, मागच्याची पाच, मध्ये शेपटीची बारीक रेघ, आणि सगळ्या वाटा दोनच ठिकाणी जमत होत्या. एक पश्चिमेच्या वळचणीला, जिथे वासा भिंतीवर टेकतो तिथे, आणि दुसरी इंटरनेटची केबल आत येते तिथे. तुळईच्या बगलेला हाताच्या उंचीवर काळपट तेलकट पट्टा होता, बोटाने घासला तर मेणचट लागतो, त्यांच्या अंगाचं तेल एकाच वाटेने जाऊन जाऊन लाकडाला बसतं. असा पट्टा ताजा असेल तर बोटाला लागतो, जुना असेल तर खरखरीत, सुटून येतो. दुसरी युक्ती म्हणजे भर दुपारी माळ्याची झडप लावून आत अंधारात पाच मिनिटं बसायचं, जिथून जिथून ऊन आत येतं ती प्रत्येक जागा खडूने खुणावायची. अंगठा जातो तिथून उंदीर जातो असंच धरा, लहान उंदीर तर अर्ध्या इंचातूनही निघतात.

पकडायला आम्ही लाकडी पट्टीचे चाप वापरले, ते खटकन् मिटणारे. बोहरी आळीत मिळतात, तिथे कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात विचारा, फक्त उंदराचे घ्या, घरउंदराचे छोटे घेऊ नका, त्यात मोठा उंदीर जखमी होऊन सुटतो. एक-दोन घेऊन भागत नाही, भरपूर घ्या. आता यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट जी कोणी सांगत नाही: हा उंदीर नव्या वस्तूला घाबरतो. रोजच्या वाटेवर काहीही नवं दिसलं की तो दिवस दिवस त्याला वळसा घालतो. म्हणून लोक म्हणतात आमच्याकडचे हुशार झालेत, पिंजऱ्यात येतच नाहीत. चाप ठेवायचे, त्यात खाणं ठेवायचं पण ताण द्यायचा नाही. काही रात्री नुसतं खाऊ द्यायचं. रोज खाणं संपतंय असं दिसलं की मग एका संध्याकाळी सगळे चाप एकदम ताणायचे. पहिल्या दोन रात्रीतच बहुतेक काम होतं, नंतर उरलेले सावध होतात, मग पुन्हा थोडे दिवस ताण काढून ठेवायचे.

आणि चाप जमिनीवर नाही, वर. हा उंदीर वरून चालतो, तुळईवरून, वाशांवरून, तिथे तारेने बांधून ठेवायचे, भिंतीला काटकोनात, खाण्याची बाजू भिंतीकडे. खाणं म्हणून चीज-बिज काही लागत नाही, त्याला बिया आणि फळं आवडतात, सुक्या खोबऱ्याचा तुकडा गॅसवर जरा भाजला की वास सुटतो, तो दोऱ्याने चापाला घट्ट बांधायचा नाहीतर अलगद काढून नेतात, मी डोळ्यांनी पाहिलेत खोबऱ्याशिवायचे ताणलेले चाप. शेंगदाण्याची चिक्कीही चालते, चिकटून राहते म्हणून. हातमोजे घालून सगळं करायचं आणि रोज सकाळी जाऊन बघायचं, यात खाडा नको.

घरात यावरून थोडी चर्चा झाली, ती लिहायलाच हवी. सासूबाईंचं म्हणणं, "अगं, गणपतीचं वाहन आहे ते, पिंजऱ्यात धरा आणि नदीकाठी सोडून द्या." त्यांच्या भावनेचा मी आदर करते, चतुर्थीला आम्ही चाप ताणत नाही, त्या दिवशी नुसतं खोबरं ठेवतो. पण सोडून देणं मला पटत नाही. मुठेकाठी सोडलेला उंदीर नदीत राहत नाही, काठच्या वस्तीत कोणाच्या तरी पत्र्याच्या घरात शिरतो, ज्यांच्याकडे गवंडी लावायला पैसे नाहीत. आपला त्रास त्यांच्या दारात टाकायचा आणि वर पुण्य म्हणायचं, हे नाही. आणि पिंजरा बादलीत बुडवून मारणारे लोक आहेत, कृपा करून तसं करू नका, फार हाल होतात. हे सासूबाईंना समजावलं तेव्हा त्या बराच वेळ गप्प होत्या आणि मग म्हणाल्या, "पटकन जाऊ दे मग, तडफडायला नको." त्यावर आमचं एकमत आहे.

रांगोळीत सलग आठ-दहा दिवस एकही पाऊल उमटलं नाही की मग शेवटची भोकं बुजवायची. आधी सगळं बंद केलं तर आतले आतच मरतात नाहीतर बाहेर पडायला नवीन जागा कुरतडतात, आणि कुठे पिल्लं असली तर तीही उपाशी मरतात. बारीकसारीक भोकं पहिल्याच दिवशी बंद करायला हरकत नाही पण मुख्य वाटा शेवटी.

बुजवायचं काम आमच्याकडे एका जुन्या गवंडी मामांनी केलं, ज्यांनी सासऱ्यांच्या वेळी हीच कौलं चाळली होती. मी फोमचे डबे आणायचं म्हणत होते तर ते म्हणाले, "ताई, त्या फेसाला उंदीर दात घासतो." बरोबर आहे, त्यांचे पुढचे दात आयुष्यभर वाढत असतात, वर्षाला दहा-बारा सेंटिमीटर, ते झिजवायला त्यांना काहीतरी कुरतडावंच लागतं, फोम, प्लास्टिकची जाळी, लाकडी पट्टी, थर्माकोल यातलं काही टिकत नाही. मामांनी भिंतीतल्या भोकांमध्ये आधी तारेची घासणी ठासून भरली आणि वरून सिमेंटमध्ये काचेचा बारीक चुरा घालून गिलावा केला, जुनी पद्धत आहे, आणि काम चोख. पण वळचणीला सिमेंट नाही करायचं! तिथून माळ्याला हवा मिळते, ती बंद केली की पुण्याच्या उन्हाळ्यात वर भट्टी आणि पावसाळ्यात ओल धरून वासे कुजणार. तिथे पाव इंची भोकाची जीआय वेल्डमेश, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेली जोडतारेची जाळी लावायची, वाशाच्या आकारात कापून, कडा आत दुमडून, स्क्रू आणि वॉशरने. खिळे नकोत, हलतात. कोंबड्यांची षटकोनी जाळी चालत नाही, तिची भोकं मोठी असतात आणि तार मऊ. आढ्यावरच्या कोन्यांखालचा चुना जिथे निखळला होता तिथे पुन्हा भरला, फुटकी कौलं बदलली, आणि वायर येते त्या भोकात पाइपचा तुकडा बसवून त्याच्या तोंडाशी घासणी भरली म्हणजे उद्या वायर बदलायची झाली तरी सिमेंट फोडायला नको.

मागच्या बाजूला आमचा नारळ आहे, त्याच्या झावळ्या कौलांना टेकलेल्या. शेजारपाजारच्या सगळ्यांनी तोडून टाका म्हणून सांगितलं. तोडायची काय गरज, झावळ्या छपरापासून निदान चार-पाच फूट मागे छाटल्या आणि खोडाला माणसाच्या डोक्याच्या वर गुळगुळीत पत्र्याचा दीड फुटी पट्टा गोल मारला, कोकणात माडाला मारतात तसाच, उंदराची नखं त्यावर धरत नाहीत.

मग सफाई. इथे सगळ्यात जास्त हयगय होते. कोरडा झाडू मारायचा नाही, व्हॅक्यूम तर नाहीच, लेंड्यांची धूळ नाकात जाते. झडप आणि सगळ्या खिडक्या अर्धा तास उघड्या ठेवायच्या, मास्क आणि रबरी हातमोजे घालायचे, लेंड्या आणि मुताचे डाग ब्लीचच्या पाण्याने, एक भाग ब्लीच नऊ भाग पाणी, चिंब भिजवायचे, दहा मिनिटं थांबायचं आणि मग ओल्या फडक्याने किंवा कागदाने पुसून पिशवीत बांधून टाकायचं. ब्लीचमध्ये संडास साफ करायचं अॅसिड मिसळू नका, क्लोरीनचा वायू होतो, कोंदट माळ्यावर जीव घुसमटेल. उंदराच्या मुतातून लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस या तापाचे) जंतू येतात, ओलसर जागी टिकतात आणि पायाच्या भेगांतून, जखमेतून शरीरात शिरतात. पावसाळ्यात असं काम केलं आणि नंतर पंधरवड्यात ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल असं काही झालं तर डॉक्टरांना आपणहून सांगा की उंदरांची घाण काढली होती, वेळेत औषध मिळालं तर बरं होतं.

मखर गेलं. थर्माकोलच्या आधीच्या काळातलं, पुठ्ठ्याचं, सासऱ्यांनी स्वतः कापून सोनेरी कागद लावलेलं, त्याच्या मागे घरटं होतं, वह्यांच्या पानांच्या बारीक चिंध्या, गादीचा कापूस आणि गौरीच्या साडीची जर. कमानीचा वरचा भाग तेवढा शाबूत आहे, तो पुसून, उन्हात ठेवून, आता पत्र्याच्या ट्रंकेत ठेवलाय. माळ्यावर पुठ्ठ्याची खोकी ठेवूच नका. झाकणाचे जाड प्लास्टिकचे डबे बरे, पत्र्याची ट्रंक सगळ्यात चांगली, आणि भिंतीपासून वीतभर लांब ठेवा म्हणजे मागे काय चाललंय ते दिसतं.

वायरिंग तपासून घ्या, हे विसरू नका. आमच्या इलेक्ट्रिशियनने माळ्यावरची केसिंग उघडली तर एका जागी वायरीचं आवरण इंचभर सोललेलं, आतलं तांबं उघडं, आणि त्याच्या शेजारी सुकलेल्या कागदांचा ढीग. जुन्या सागवानी घरात हे काय करू शकतं ते मी लिहितही नाही. त्या दिवशी आरसीसीबी, म्हणजे वीज गळायला लागली की आपोआप बंद करणारा स्विच, बसवून घेतली.

डांबरगोळ्या, पुदिन्याचं तेल, सॉकेटमध्ये लावायची ती आवाजाची मशिनं, यावर पैसे घालवू नका. आवाजाला उंदीर काही दिवसांत सरावतात आणि तो आवाज खोक्यापलीकडे जातही नाही.

आता शेजारच्या पाडकामाचं. आमच्या गल्लीत अजून एक वाडा यंदा खाली होतोय. आम्ही सात-आठ घरांनी मिळून बिल्डरला लेखी पत्र दिलंय की पाडायच्या आधी, माणसं निघाल्यावर, रिकाम्या वाड्यात चाप लावा, खरकटं-धान्य-भंगार उचला, मग जेसीबी आणा, आणि विष टाकू नका. खर्च त्यांच्यासाठी किरकोळ आहे. त्यांचा साइट इंजिनिअर येऊन बोलून गेला, आमची वळचणीची जाळी बघून फोटो काढून घेऊन गेला, आणि करारात घालतो म्हणालाय. कोपऱ्यावर कबुतरांना पसाभर ज्वारी टाकणाऱ्या काकांशीही बोललो, रात्री तिथे उरलेलं धान्य कोण खातं ते त्यांना टॉर्च मारून दाखवलं, आता ते मूठभरच टाकतात आणि संध्याकाळी झाडून घेतात. ओला कचरा रात्री बाहेर ठेवायचा नाही हे गल्लीत ठरलंय. पत्राचा मसुदा कोणाला हवा असेल तर मागा, नाव-पत्ता बदलून जसाच्या तसा वापरा. मेअखेरीस मामा कौलं चाळायला येणारेत, तेव्हा वळचणीची जाळी काढून पुन्हा बसवतील, ते कसं करतात त्याचे फोटो टाकते.